भिंतीवरची नऊ दारं

आमच्या हिंगोलीच्या घरमालकांच्या घरात एकूण अकरा दारं होती. त्यांतली नऊ भिंतींना लावलेली होती आणि दोनच दाराच्या जागी होती. एक रस्त्याकडचं आणि दुसरं आम्ही भाड्यानं घेतलेल्या खोलीचं. रस्त्याकडचं काकूंनी, म्हणजे घरमालकांच्या बायकोनं, वाचवलं होतं. ते काढायचं ठरलं त्या दिवशी काकू उंबरठ्यावर जाऊन बसल्या आणि दिवे लागेपर्यंत उठल्या नाहीत. आमच्या खोलीचं दार कुणी वाचवलेलं नव्हतं. त्याची पाळी यायची होती, एवढंच.

मी लग्न होऊन तिथे आले. माहेर वाशीमचं, म्हणजे वऱ्हाडातलं. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलुखात. मोटारीनं अर्ध्या दिवसाची वाट, पण बोलणं वेगळं, कचेरीची भाषा वेगळी. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते, म्हणून मी साऱ्या घराची ‘मास्तरीणबाई’ झाले. माझं वय तेव्हा अठरा होतं.

घरमालक तालुका कचेरीत दफ्तर सांभाळायचे. कागदांचे गठ्ठे लाल कापडात बांधलेले असत, त्यांना बस्ते म्हणत. कोणता बस्ता कोणत्या खणात आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते नोकरीतून उतरले होते. उंच, थोडे पुढे झुकलेले, डोक्याला काळी टोपी आणि सदऱ्याच्या खिशात एक सुतळी. सुतळीला वीतभर अंतरानं गाठी मारलेल्या होत्या. कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी ती सुतळी बाहेर यायची.

दारांचं प्रकरण कसं सुरू झालं ते काकूंनी मला सांगितलं. नोकरी संपल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना टोपीला टाका घालायला सुई हवी होती. घरात दोन कोनाडे आणि एक लोखंडी पेटी. त्यांनी सकाळी शोधायला घेतली ती जेवणाच्या वेळेपर्यंत. पेटी उपसली, कोनाडे उपसले, धान्याची मडकीसुद्धा हलवून पाहिली.

“मग कुठं सापडली?” मी विचारलं.

“माझ्या चोळीला व्हती टोचलेली.”

“तुम्ही सांगितलं नाही?”

“ईचारलं कुठं त्यांनी? ह्ये तर मला म्हणाले, बाजूला सर.”

त्या दिवशी दुपारी त्यांनी माजघराचं दार बिजागऱ्यांतून उतरवलं, भिंतीला लावलं आणि त्यावर पहिली फळी ठोकली. तिच्याखाली सुईसाठी बोटभर लांबीची लाकडी नळी बसवली. ती नळी मी पाहिली आहे. तिच्यात एकच सुई असायची.

त्यांचा हिशेब साधा होता आणि तो ते कुणालाही सांगायचे. “दार दिवसातून दोन डाव कामी येते. उघडतानी अन् लावतानी. बाकी सारा दिवस नुसतं उभं राहते. फळीला अशी सवलत न्हाई.” नवं लाकूड त्यांना आवडायचं नाही. नवं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात तडकतं. जुन्या सागवानी दारानं मात्र ऊन, पाऊस, भांडणं सगळं पाहिलेलं असतं, त्यामुळे ते आता कशालाही हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. महायुद्धाच्या दिवसांत बाजारात खिळे मिळेनासे झाले, तेव्हा ते ओट्यावर बसून जुने वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे. गल्लीतल्या लोकांना सकाळ झाल्याचं त्या आवाजावरून कळायचं.

स्वयंपाकघरातलं दार त्यांचं सगळ्यांत मोठं काम. वरच्या भागात फळ्या, त्यांवर मिठा-मिरचीचे डबे. मधे खुंट्या, त्यांना पळ्या, झारा, चिमटा, लाटण्याला चामड्याचा पट्टा. खाली गोणपाटाचे शिवलेले कप्पे, एकात कांदे, एकात लसूण, एकात गवारीच्या वाळवलेल्या शेंगा. जुन्या कडीचा कोयंडा त्यांनी तसाच ठेवला होता आणि त्यात उलथनं अडकवलं होतं. मांजरासाठी खाली पाडलेलं भोक होतं, त्यात फुंकणी बरोबर बसायची. मांजर बिचारं अंगणातून फेरा घालून यायचं.

खरं सांगते, त्या स्वयंपाकघरात काम करायला सुख वाटायचं. हात गेला की जिन्नस सापडायचा. तकलीफ फक्त एवढीच, की तो परत त्याच जागी गेला पाहिजे.

“हा चिमटा कुणाच्या हुकमानं झाऱ्याच्या जागी आला?” ते दारातून विचारायचे. म्हणजे दार नव्हतंच, चौकटीतून.

“माझ्या,” काकू चुलीकडे तोंड करूनच म्हणायच्या.

मग ते आत येऊन चिमटा त्याच्या खुंटीला लावायचे आणि जायचे. काकू तो पुन्हा झाऱ्याच्या खुंटीला लावायच्या. वीस वर्षं कचेरीत जे चाललं नसेल ते घरात रोज चालायचं. त्यांचं भांडण म्हणजे एवढंच, आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही.

दारं मिळवायला ते कुठेही जायचे. एकदा गोरेगावला नात्यातल्या कुणाला भेटायला गेले होते. तिथे दोन सख्ख्या भावांनी घर वाटून घेतलं होतं, मधे भिंत घातली होती, आणि दोन घरांच्या मधलं दार बिनकामाचं होऊन गोठ्याच्या मागं पडलं होतं. दोघंही म्हणायचे, दार माझं. त्यासाठी कचेरीत दावा चालू होता. आमच्या घरमालकांनी सुतळीनं दार मोजलं आणि दोघांना बोलावलं.

“दावा चालू राहू द्या,” ते म्हणाले. “निकाल लागंपर्यंत दार माझ्यापाशी ठेवतो. पडून सडण्यापरीस बरं. काय, तुमाला कबूल हाय का न्हाई?”

दोघांनाही ते कबूल झालं, कारण दार दुसऱ्याकडे जाणार नव्हतं. ते बैलगाडीतून हिंगोलीला आलं आणि ओसरीच्या भिंतीला लागलं. त्याच्यावर त्यांनी दहा खुंट्या मारल्या, पाच थोरल्याच्या आणि पाच धाकट्याच्या. कचेरीत तारीख असली की दोघं भाऊ वेगवेगळ्या गाड्यांनी यायचे, आपापल्या खुंटीला पिशवी आणि पटका अडकवायचे, काकूंच्या हातचा चहा प्यायचे आणि कचेरीत जाऊन एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायचे. परत येऊन पुन्हा चहा. एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत. पण धाकट्याची पिशवी थोरल्याच्या खुंटीला लागली, असं मी कधी पाहिलं नाही.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, वडिलांनी न्यायला यायचं ठरवलं होतं. पण मुलुखात गडबड सुरू झाली. वऱ्हाडाच्या हद्दीवर मोटारी बंद झाल्या, निजामाचे लोक गाड्या अडवू लागले, गावंच्या गावं रिकामी होऊन पलीकडे चालली होती. वडिलांचा निरोप आला की हद्द ओलांडता येत नाही, धीर धर. मी धीर धरला, म्हणजे कोपऱ्यात बसून रडले.

ते घरमालकांनी पाहिलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ते गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. बाळंतिणीला काय काय लागतं ते विचारायचे आणि कागदावर उतरवून घ्यायचे. म्हाताऱ्यांना एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं, त्या सांगतच राहायच्या. शेवटी सोळा जिन्नस ठरले. डिंक, खारीक, बाळंतशोपा, वेखंड, ओवा, तिळाचं तेल, शेगडी, धुरीची वाटी, मऊ जुनेराची फडकी, बाळाची दुपटी, दोरा, साबण, गूळ, सुंठ, पाण्याचा तांब्या आणि कांदे.

मग ते माझ्या यजमानांकडे आले. “मास्तर, तुमच्या खोलीचं दार पायजे.”

माझ्या यजमानांना कुणाला नाही म्हणता येत नसे. शाळेतल्या पोरांनासुद्धा नाही म्हणताना ते आधी माफी मागायचे. ते म्हणाले, “घ्या की.”

चार दिवसांत दार तयार झालं. आमच्याच खोलीत, खाटेच्या उजव्या हाताला, निजल्या निजल्या हात पोचेल अशा उंचीवर फळ्या. दुपट्यांसाठी वर रुंद फळी, औषधी डब्यांसाठी मधे अरुंद, तेलाची बुधली पडू नये म्हणून तिला गोल चौकट, सगळ्यांत खाली कांद्यांचा गोणपाटाचा कप्पा. दाराच्या मागच्या अंगाला पिशव्यांसाठी चार खुंट्याही होत्या, पुढे कधी दार फिरवून लावायचं झालं तर. मी खाटेवर निजून प्रत्येक जिन्नसाला हात लावून पाहिला. सगळ्यांना लागला. आई जवळ नव्हती, पण कुणीतरी माझ्यासाठी एवढा विचार केला होता, याचं मला फार बरं वाटलं. दार नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. काकूंनी चौकटीला जुनं लुगडं टांगलं होतं.

कळा सुरू झाल्या तो दिवस जेठातला. यजमान शाळेच्या कामाला वसमतला गेलेले. बाहेर झळा आणि धुळीचा वारा, लुगडं फडफडत थेट छतापर्यंत जायचं. काकूंनी सुईणीला बोलावणं धाडलं. सुईण आली ती घामाघूम, हातात पिशवी, तोंडात तंबाखू. आत येऊन तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग चौकटीकडे.

“दार कुटं हाय?”

“त्या भिंतीला,” काकू म्हणाल्या.

सुईणीनं दाराकडे पाहिलं. दारावरचे सोळा जिन्नस पाहिले. मग ती बाहेर ओसरीवर गेली.

“मालक, असलं वारं बाळंतिणीला लागलं तर म्या काय करू? दार लावा आधी.”

“त्याच्यावर सोळा जिन्नस हायत,” ते म्हणाले. “सारी तरतीब लागली हाय, ज्याची त्याची जागा ठरली हाय.”

“मंग तरतीबीलाच कळा येऊ द्या की! माझं काय काम हितं?” आणि तिनं पिशवी उचलली.

ते खोलीत आले. मी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, तरी त्यांचे पाय दिसले. ते दारासमोर थोडा वेळ उभे राहिले. मग एकेक जिन्नस उतरवून जमिनीवर ठेवू लागले. सुरुवातीला ओळीनं ठेवत होते. मला मोठी कळ आली आणि मी ओरडले, तेव्हा त्यांनी उरलेले सगळे डबे एकदम कवेत घेऊन कोपऱ्यात ओतले. त्या माणसानं काही ओतलेलं मी तेव्हाच पाहिलं.

दार चौकटीपर्यंत नेलं, पण बसवता येईना. बिजागऱ्या त्यांनी स्वयंपाकघरात दुमडत्या फळीला लावून टाकल्या होत्या, आणि फळ्या चौकटीला अडत होत्या. मग त्यांनी दार फिरवलं, फळ्या आत आणि खुंट्या बाहेर केल्या, चौकटीला टेकवलं, आणि बाहेरून दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“झालं का बराबर?” त्यांनी बाहेरून विचारलं.

“झालं,” सुईण म्हणाली. “आता हलू नका.”

ते हलले नाहीत. सकाळचे दहा वाजले असतील तेव्हा.

आत माझं जे चाललं होतं ते सांगण्यासारखं नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही. पण कळांच्या मधे बाहेरचं सगळं ऐकू यायचं. शेजारच्या बाई चौकशीला आल्या, काकूंशी दाराआडूनच बोलल्या, आणि बोलता बोलता हातातली भाजीची पिशवी त्यांनी दाराच्या खुंटीला अडकवली. घरमालकांनी ती अडकवू दिली. खुंटी पिशवीचीच होती.

दुपारी गोरेगावचा धाकटा भाऊ आला. त्याची तारीख होती.

“काय करून राहिले, मालक?”

“दार.”

“बरं. चहा?”

“आज न्हाई.”

तो गेला.

दोनदा सुईणीनं काकूंना खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. काकूंचा माझ्या कपाळावरचा हात गार झाला. मला कळलं की नीट चाललेलं नाही. मी काकूंना म्हटलं, “मला काही झालं तर आईला सांगा, की सगळं होतं माझ्यापाशी, काही कमी नव्हतं.” काकू म्हणाल्या, “गप बस, तुझी आई तुलाच ईचारंल.”

दिवे लावायच्या वेळेला बाळ झालं. आणि रडलं नाही.

सुईणीनं त्याला पालथं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, पाणी शिंपडलं. काकूंनी ताट बडवलं. काही नाही. तेवढ्यात सुईण ओरडली, “कांदा! कांदा द्या, बिगी!”

काकू कोपऱ्यातल्या ढिगाकडे धावल्या. डबे, फडकी, गूळ, सगळं सगळ्यात मिसळलेलं. कांदा दिसेना. काकू एकेक डबा उलटत होत्या.

दार बोटभर सरकलं. फटीतून त्यांचा हात आत आला, दाराच्या खालच्या कप्प्यात गेला, आणि वर आला तेव्हा त्यात कांदा होता. घाईत तेवढा एक कप्पा रिकामा करायचा राहिला होता. कांदा त्यांनी चौकटीवर आपटून फोडला आणि हात तसाच आत धरून ठेवला. सुईणीनं तो घेतला, मुठीत चुरडला आणि बाळाच्या नाकाशी नेला.

बाळाला शिंक आली. मग ते रडलं. मुलगी होती.

सगळं आवरून सुईण म्हणाली, “आता सोडा, मालक,” तरी दार तसंच होतं. शेवटी काकू दार आतून जरा ढकलून बाहेर गेल्या आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली. खांदे आखडले होते. पुढे आठ दिवस त्यांना टोपी दोन्ही हातांनी घालावी लागायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फळ्या काढल्या, स्वयंपाकघरातल्या बिजागऱ्या आणून दार पहिल्यासारखं बसवलं, उघडून पाहिलं, लावून पाहिलं. यजमान तोवर वसमतहून परतले होते. ते सारखे आभार मानत होते. घरमालक त्यांना म्हणाले, “मास्तर, जरा खिळे धरा.”

पाचवीच्या दिवशी काकू माझं अंग शेकत बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, “कसे दिवसभर उभे राहिले, नाही?”

काकूंनी फडक्याची घडी उलटली. मग म्हणाल्या, “आमाला एक झाली व्हती. पोरगीच. तवा ह्ये कचेरीत व्हते. म्या निरोप धाडला, या म्हणून. निरोप आला, एवढा बस्ता बांधून येतो.”

“मग?”

“बांधून आले.”

शेगडीत निखारा तडतडला. काकूंनी फडकं गरम केलं आणि माझ्या कंबरेवर ठेवलं.

“गोदावरी नाव ठरवलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “ठेवाया मिळालं न्हाई. फिर तिकडं.”

मी कूस बदलली.

बाराव्या दिवशी बारसं केलं. रस्ते अजून बंदच होते. माझ्या माहेरचं कुणी नाही, सासरचं कुणी नाही. मुलीचं नाव उषा ठेवायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं, यजमानांनी ते पाटीवर लिहूनसुद्धा ठेवलं होतं. कानात नाव सांगायला आत्या हवी. ती जळगावला, हद्दीपलीकडे. म्हणून मी काकूंना म्हटलं, “आत्याच्या जागी तुम्ही व्हा.”

गल्लीतल्या पाच-सात बाया आत जमल्या. पुरुषमाणसं बाहेर अंगणात, यजमान, घरमालक आणि शेजारचे दोघं. पाळणा हलला, गाणं झालं. काकू वाकल्या, पदर तोंडाशी धरला आणि मुलीच्या कानाशी गेल्या. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तशाच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा बायांनी विचारलं, “काय ठेवलं, काय ठेवलं?”

“गोदावरी,” काकू म्हणाल्या.

यजमान बाहेरून चौकटीशी आले आणि हळूच मला म्हणाले, “आपलं उषा ठरलं होतं ना?”

“आता गोदावरी ठरलं,” मी म्हटलं. त्यांनी पाटी पुसली.

बायांना घुगऱ्या वाटून काकू अंगणात आल्या. घरमालक ओट्याच्या कडेला बसले होते, मान खाली घालून.

“काय ठेवलं?” त्यांनी विचारलं.

“गोदावरी.”

“ऐकू आलं न्हाई.”

काकूंनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. शेजारच्या दोघांनी माना वळवल्या.

“अजून एक डाव सांग,” ते म्हणाले.

काकूंनी तिसऱ्यांदा सांगितलं. आणि मग, चारचौघांसमोर आयुष्यात कधी केलं नसेल ते त्यांनी केलं. घुगऱ्यांचं ताट बाजूला ठेवलं आणि त्यांना लागून ओट्यावर बसल्या.